ताईंच्या हातातला आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, भांग पाडताना तुम्ही ज्याच्यासमोर तासन्‌तास उभे राहता, तो मी नव्हे. त्याचं आणि माझं नातं आहे खरं, पण लांबचं. मी कोटाच्या बटणाएवढा गोल आहे आणि मला एक बारीक पोलादी दांडी आहे. मी दातांच्या दवाखान्यात काम करतो. ज्या दाढा आरशाशिवाय दिसतच नाहीत, त्या दाखवणं हे माझं काम. मोठमोठे लोक माझ्यापुढे आ करून, निमूटपणे बसलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी ऐट आली तर चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे काच गोल कापून, घासून, तिच्यावर चकचकीत धातूचा अगदी पातळ थर चढवतात. घरातल्या आरशाला हा थर पाठीमागून असतो. त्यामुळे नीट पाहिलं तर त्यात वस्तूच्या कडा किंचित दुहेरी दिसतात. भांग पाडायला तेवढं खपून जातं, पण दाताला पडलेली केसाएवढी चीर शोधायची तर खपत नाही. म्हणून आम्हा दातांच्या आरशांना हा थर पुढून देतात. कारखान्यात माल तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यापुढे तिरकं धरलं आणि 'हा छान उतरलाय' असं त्या शेजारणीला म्हणाल्या. माझं पहिलं कौतुक ते. अजून माझ्या लक्षात आहे.

मी ज्या दवाखान्यात आलो तो पहिल्या मजल्यावर होता. खाली चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही. एक खुर्ची, एक दिवा, हत्यारांचं कपाट आणि बाहेर पेशंटसाठी एक लांब बाक. डॉक्टर पिकल्या केसांचे आणि मोजकं बोलणारे होते. त्यांच्या समोरच्या बाजूला, म्हणजे पेशंटच्या डाव्या हाताला, त्यांच्या मदतनीस उभ्या राहत. सगळे पेशंट त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. डॉक्टरांचा आरसा वेगळा होता. मी ताईंचा.

ताईंचा हात म्हणजे काय सांगू! पेशंटचा गाल माझ्या पाठीने हलकेच बाजूला धरायच्या, जीभ मध्ये येऊ द्यायच्या नाहीत, आणि त्याच वेळी माझ्यात बघून मागची दाढ कोरडी आहे की नाही ते हेरायच्या. श्वासाची वाफ माझ्यावर धरू नये म्हणून आधी मला कोमट पाण्यात बुडवायच्या. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यात हवं ते हत्यार आलेलं असायचं. आरशात सगळं उलटं दिसतं, हे तुम्हाला माहीत आहेच. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. नवशिक्याची यात पार भंबेरी उडते. ताईंना मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने विचारही करावा लागत नसे. माझ्यातलं उलटं चित्र त्यांच्या डोक्यात आपोआप सुलट होऊन बसायचं. मला याचा फार अभिमान वाटे.

ताईंना स्वतःला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. शाळा संपली तेव्हा आई आजारी पडली आणि ते राहिलं. पुढे लग्न झालं, छोटी लेक झाली आणि ते आणखी मागे पडलं. हे सगळं त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पण डॉक्टर एखादी अवघड दाढ भरत असले की त्या मला इतक्या घट्ट धरायच्या, की मला काय ते कळायचं.

एके दिवशी दुपारी डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन आले आणि त्यांनी ते ताईंपुढे ठेवलं. डेंटल कॉलेजने दवाखान्यात काम केलेल्यांसाठी थोड्या जागा ठेवल्या होत्या. प्रवेश परीक्षा द्यायची होती. वयाची अट होती, आणि त्या अटीत ताई यंदा शेवटच्याच वर्षी बसत होत्या. पुढच्या वर्षी त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती. ताई म्हणाल्या की जीवशास्त्र विसरलंय, रसायनशास्त्राचं तर नावच नको, आणि घर, छोटी, दवाखाना हे सगळं सांभाळून हे कसं जमायचं.

"आधी फॉर्म भर," डॉक्टर म्हणाले. "मग काय घाबरायचं ते घाबर."

ताईंनी कंबर कसली. दुपारी डॉक्टर जेवायला घरी जात, तेव्हा त्या पेशंटच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायच्या आणि दिवा पुस्तकावर ओढायच्या. हत्यारांच्या कपाटाला आतून रसायनांची सूत्रं चिकटवलेली होती. चिमटा काढायला दार उघडलं की एक सूत्र पाठ, ठेवायला उघडलं की दुसरं. एकदा तोंडात कापसाचे बोळे घातलेले एक निवृत्त शिक्षक खुर्चीत असताना ताई एक सूत्र पुटपुटत होत्या. ते चुकलं. शिक्षक हातवारे करत 'हं हं' करू लागले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. शेवटी शिक्षकांनी खुणेने पेन मागून डॉक्टरांच्याच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बरोबर सूत्र लिहून दिलं, तेव्हा कुठे शिक्षकांच्या जिवात जीव आला.

घरीही सगळ्यांनी भार वाटून घेतला होता. ताईंचे यजमान वायरमन होते. त्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. पहिल्या आठवड्यात तो कसा व्हायचा हे ताईंच्या दुपारच्या डब्यावरून आम्हाला कळत होतं. सासूबाईंनी छोटीला ताब्यात घेतलं. ताई अभ्यासाला बसल्या की त्या पाहुण्यांनासुद्धा दारातूनच परत पाठवायच्या.

पुस्तकांचे विषय हळूहळू हाताखाली आले. अडलं ते भलतीकडेच. परीक्षेत आकृत्यांचा एक भाग होता. एक ओबडधोबड आकार दाखवायचा, आणि तोच आकार फिरवून ठेवलेला चार आकृत्यांतून ओळखायचा. दातांवर काम करणाऱ्याला नजर आणि हात लागतो, म्हणून ही पारख. ताईंना वाटलं होतं हा भाग म्हणजे हातचा मळ. पण सरावाच्या पेपरात त्याच भागात त्या सपाटून मार खात होत्या. एकदा नव्हे, दर वेळी. वाचून सुधारावं असं त्यात काही नव्हतं. त्या खचल्या. एकदा डॉक्टरांना म्हणाल्यासुद्धा, की ज्याला आकार दिसत नाही त्याने दुसऱ्याच्या दातांना हात लावू नये. त्या दिवशी डॉक्टरांनी चहा अर्धा ठेवला.

मग एक गंमत घडली, आणि तिच्यात माझा वाटा आहे. शनिवारी ताईंनी मला हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या डब्यातून काढलं, कपाटात ठेवायला म्हणून ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि गडबडीत तशाच घरी गेल्या. मी जन्मात पहिल्यांदा कुणाचं घर पाहिलं. रविवारची सकाळ होती. सासूबाई छोटीला घेऊन बागेत गेल्या होत्या. यजमान ओट्याशी काहीतरी चिरत होते. ताई जेवायच्या टेबलाशी उत्तरं तपासत होत्या आणि पुन्हा तेच, चूक, चूक, चूक. धुवायला काढलेला ॲप्रन खुर्चीवर होता. त्यांचा हात सहज खिशात गेला आणि मी हाती लागलो. काही सुचेनासं झालं की माणूस हाताला चाळा शोधतो. ताईंनी मला त्या आकृतीच्या कडेला उभं धरलं.

माझ्यात जे दिसलं त्यावर त्यांची नजर खिळली. मग त्यांनी आपलं चुकीचं उत्तर पाहिलं. पुन्हा मला पाहिलं. पुढची आकृती धरली, तिच्या पुढची धरली. प्रत्येक वेळी माझ्यात उमटलेला आकार आणि ताईंनी निवडलेलं चुकीचं उत्तर, फिरवून पाहिलं तर, अगदी एक होतं. त्या मोठ्याने हसायला लागल्या. यजमान सुरी हातात घेऊनच आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

"मी आरशात बघते आहे," ताई म्हणाल्या. "समोर आरसा नसतानासुद्धा."

खरंच तसं होतं मित्रांनो. वर्षानुवर्षं माझ्यातलं उलटं चित्र सुलट करून करून त्यांच्या डोक्याला ते अंगवळणी पडलं होतं. आता कागदावरचं सरळ चित्रही ते डोकं इमानाने उलटं करून ठेवत होतं. त्यांना आकार दिसत नव्हता असं नाही. तो त्यांना गरजेपेक्षा जास्तच दिसत होता. मला हसावं की रडावं कळेना.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"परीक्षा होईपर्यंत आरसा बंद," ते म्हणाले.

"मग मी काय करू?"

"समोरून बघ. सगळं जग बघतं तसं."

त्या दिवसापासून ताईंकडे फक्त थुंकी ओढायची नळी आणि दिवा राहिला. दोन्ही आरसे आपणच सांभाळू असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांना त्यांचा एकच पुरला. मी खणात गेलो, बोथट झालेल्या हत्यारांच्या शेजारी. मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. तिथे एका जुन्या टोच्याने मला ओरखडाही काढला. पण दुपारी बाहेरून ताईंचा आवाज यायचा. आकृती सोडवण्याआधी त्या दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायच्या आणि 'कागद आहे, आरसा नाही' असं स्वतःला बजावायच्या. मग मला वाटायचं, आपण खणात पडून राहिलो हीच आता आपली नोकरी. आणि मी ती मन लावून केली.

परीक्षेचं पुढे ताईंनीच डॉक्टरांना सांगितलं. बाकीचे भाग बरे गेले. आकृत्यांचा भाग उघडला आणि पहिलंच उत्तर उलटं आलं. मग त्यांनी भर परीक्षेत दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले. शेजारची मुलगी टकामका बघत होती म्हणे. ताईंनी ते उत्तर खोडलं आणि पुढे गेल्या. वेळ संपला तेव्हा शेवटचे काही प्रश्न राहून गेले होते. जमलं की हुकलं, त्यांना सांगता येईना. डॉक्टरांनी खण उघडून मला बाहेर काढलं आणि ताईंच्या हातात दिलं. पुढचा पेशंट खुर्चीत बसला.

निकालाच्या दिवशी मी त्यांच्याच हातात होतो. खुर्चीत एक बेकरीवाले होते आणि डॉक्टर त्यांच्या अगदी मागच्या दाढेत सिमेंट भरत होते. अशा वेळी दाढ कोरडी राहावी लागते. जीभ लागली, थुंकी आली, की सगळं काम वाया आणि पुन्हा कोरायची पाळी. ताईंनी माझ्या आधाराने गाल धरला होता. तेवढ्यात जिन्यावर धावतं पाऊल वाजलं आणि दारात यजमान उभे राहिले. कमरेला कामाचा पट्टा, कपाळावर घाम. कॉलेजच्या फलकावरची नावं बघून ते तसेच आले होते.

"नंबर लागला," ते म्हणाले. "तुझा नंबर लागला."

डॉक्टरांचा हात थांबला. बेकरीवाल्यांचे डोळे मोठे झाले. ताईंनी दाराकडे मान वळवली नाही. मास्कच्या वर त्यांचे डोळे काठोकाठ भरलेले मला दिसत होते, कारण मी त्यांच्या अगदी समोर होतो.

"थांब जरा," ताई म्हणाल्या. "सिमेंट अजून ओलं आहे."

मित्रांनो, मी त्या हातात होतो, म्हणून मी सांगू शकतो. तो हात हलला नाही. माझ्यात दिसणारी ती दाढ सिमेंट घट्ट होईपर्यंत जागची ढळली नाही. यजमान दारात तसेच उभे राहिले, डॉक्टर दाढेवर वाकलेले राहिले, आणि खाली चपलेवर हातोडी पडत राहिली. मग ताईंनी मला अलगद बाहेर काढलं, ताटलीत ठेवलं आणि त्या भिंतीला टेकून रडल्या. सगळ्यांत आधी बेकरीवाले बोलले. तोंड अर्धं बधिर असताना त्यांनी ताईंचं अभिनंदन केलं. आता हात लावाल त्या दाढेचं सोनं होईल, असं काहीसं ते म्हणाले असावेत.

आता ताई कॉलेजात आहेत. मी म्हातारा झालो. माझ्यावर ओरखडे आले, आणि ओरखडलेला आरसा खोटं दाखवतो, म्हणून मला कामातून काढलं ते बरोबरच झालं. तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याला मऊ कापडाने पुसा आणि टोकदार हत्यारांत फेकू नका. एवढं केलंत तर मला बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणाला थोड्या वेळात मोठं काही करायचं असेल, तर त्याच्या हातातलं एखादं काम आपल्या हातात घ्या, आणि तुमची स्वतःचीच अडचण होत असेल तर न रुसता थोडे दिवस खणात जाऊन बसा. मी बसलो होतो. त्याचा मला आजही अभिमान आहे.