शोधणाऱ्याची हाळी

रितिगलाच्या डोंगरात शिरताना पहिल्या मोठ्या झाडाच्या फांदीवर हिरवी डहाळी अडकवायची, रानाच्या देवाला, अय्यनायकाला, आपण आत येतोय एवढं कळवायचं, आणि मग बाहेर पडेपर्यंत कोणाचं नाव घ्यायचं नाही, माणसाचं नाही आणि जनावराचंही नाही. शाळेत मी फार दिवस टिकलो नाही, पण हे शिकायला शाळा लागली नव्हती. अय्याच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, मागून चालता चालता ते अंगात भिनलं होतं.

आम्ही दोघे त्या रानात मजुरीला जायचो. आत जुन्या काळच्या भिक्खूंचा विहार पडून आहे. दगडी पायवाट, पायऱ्यापायऱ्यांची कोरडी पुष्करणी, एकावर एक रचलेले दगडी चौथरे, आणि त्या सगळ्यांत घुसलेली मुळं. तिथे मूर्ती नाही, स्तूप नाही, बोधिवृक्ष नाही. हात जोडावेसे वाटले तरी कशापुढे जोडायचे ते कळत नाही. आम्ही मुळं तोडायचो, दगड मोकळे करायचो, आणि पाऊस झाला की मुळं परत यायची. अय्या म्हणायचा, "मल्ली, आपण रानाची हजामत करतो. म्हणजे हे काम जन्मभर पुरणार बघ." धाकट्या भावाला आमच्यात मल्ली म्हणतात. माझं नाव सुदुबंडा, त्याचं कपुरुबंडा. पण घरात ती नावं फक्त आई वापरायची, तीही रागावली की.

त्या सकाळी मला ताप होता. कामाला सुटी होती आणि अय्याला मधाचं पोळं काढायला जायचं होतं. त्याचं सारोंग, कमरेला गुंडाळायची लुंगी, ओलं होतं म्हणून त्यानं दोरीवरचं माझं निळ्या चौकड्यांचं ओढलं.

"माझं आहे ते!" मी चटईवरून ओरडलो.

"असू दे की. तुझ्या कमरेवर ते टांगल्यासारखं दिसतं. एक दिवस त्यालाही माणसाच्या अंगावर राहू दे."

"फाडलंस तर बघ."

"फाडलं तर दुसरं घेईन. आईला सांग, मध आणतोय, तोंड वाकडं करू नकोस म्हणावं."

दुपारी शिकारी रनहामी शेताच्या बांधावरून पळत आला. लांबूनच ओरडत होता, "धाकटा गेला गं! सुदुबंडा गेला!" आई नारळ खवत होती. ती खवलेला नारळ मुठीत घेऊनच दारात आली, रनहामीकडे तिनं पाहिलं, मग वळून चटईवर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. कोण गेलं आणि कोण उरलं हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती नजर मी कधी विसरणार नाही. मग तिच्या मुठीतून नारळाचा कीस गळायला लागला.

आमच्या रानातलं अस्वल माणसाचं तोंडच सोलतं. रनहामीनं सारोंगावरून ओळखलं होतं, त्याचा काही दोष नाही. त्याला अंगणात आणून ठेवल्यावर त्यानं मला पुढे बोलावलं आणि विचारलं, "बघ रे, अय्याच ना?" मी त्या तळव्यांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. सगळे हात सारखेच दिसत होते. मी म्हणालो, "हो, अय्याच." दुसरं कोण असणार? आम्ही वाटेवर पांढरे झेंडे लावले, शेताच्या कडेला त्याला पुरलं, आणि माझं सारोंगही त्याच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेतली आणि रानात शिरलो. अस्वलाला मारायचं होतं. एवढंच डोक्यात होतं, दुसरं काही नव्हतं. डहाळी मात्र सवयीनं अडकवली. पुष्करणीच्या पायऱ्यांवर त्याचं मधाचं भांडं पालथं पडलेलं दिसलं, आणि माझा तोल गेला. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. नुसतं अय्या नाही. पूर्ण नाव. कपुरुबंडा! कपुरुबंडा! रानात असं कोणी करत नाही, लहान मूलही करत नाही.

रान गप्प झालं. आणि मग वरच्या चौथऱ्यांकडून उत्तर आलं. हूऽऽ. हूऽऽ. दोनदा.

आमच्याकडे रानात चुकलेला माणूस एक हाळी घालतो आणि जागेवर थांबतो. त्याला शोधायला निघालेला दोन घालतो. म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कोण हरवलंय आणि कोण शोधतंय. आणि हाळी प्रत्येकाची वेगळी असते. शेवटाला जरा चिरकून वर जाणारी ही हाळी मी जन्मापासून ऐकत होतो.

मी हात तोंडाशी नेऊन दोन घातल्या. मी शोधतोय. उत्तर आलं, दोन. मी पळत वर गेलो, चौथरे पालथे घातले, झुडपं कुऱ्हाडीनं तोडली. कोणी नव्हतं. हाळी आता खालून, पुष्करणीकडून येत होती.

तेव्हापासून मी रोज जायचो. घरी पाहुणे, सातव्या दिवशी भिक्खूंना जेवू घालायच्या दानाची तयारी, बायका तांदूळ निवडतायत, आणि मी रानात. तो एका जागी नव्हता. सकाळी पाण्याच्या कडेनं, मग दगडांच्या आडोशानं, उन्हं वर आली की गुहांच्या बाजूनं. हरवलेल्याला शोधायची हीच रीत त्यानं मला शिकवली होती, कारण तहानलेला माणूस आधी पाण्याकडे जातो. तो एकही कोपरा सोडत नव्हता. पुढेपुढे त्याचा आवाज बसायला लागला. शेवट वर जाईना, मधेच तुटायचा. दिवसभर ओरडून बसतो तसा घसा.

रनहामीला मी झाडाशी नेलं. माझी सुकलेली डहाळी फांदीच्या अलीकडे होती. पलीकडच्या अंगाला, रानाच्या बाजूनं, दुसरी एक अडकवली होती. ताजी. मोडल्या जागी अजून ओल होती.

"ही कोणी लावली?"

"तुझ्या सासऱ्यानं," रनहामी म्हणाला. मग त्यानं नीट पाहिलं आणि हसणं गिळलं. "रानात शिरणारा अलीकडून लावतो रे. पलीकडून कशाला लावेल? पलीकडून येणाऱ्याला तर रान संपलेलं असतं. आपलं गावच त्याला रान असेल, तर गोष्ट वेगळी." तो थोडा वेळ आमच्या गावाकडे बघत राहिला, शेतं, धूर, पांढरे झेंडे. "चल घरी," म्हणाला. "आणि इथे परत मला आणू नकोस."

मी त्या रात्रभर विचार केला. मी शोधत होतो तोवर तो सापडत नव्हता, कारण तोही शोधत होता. दोघे फिरत राहिले तर भेट होत नाही. एकानं थांबायला हवं. एकानं एक हाळी घालून जागेवर बसायला हवं. तो थोरला होता, तो थांबणार नव्हता. मग मीच.

दानाच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी त्या झाडाखाली जाऊन बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. त्याच्या दोन हाळ्या आल्या, घोगऱ्या, जवळून. मी हात तोंडाशी नेले आणि मागून एक तळवा माझ्या तोंडावर गच्च बसला. त्याला हळदीचा वास होता.

"एक घालणार होतास ना?" आई म्हणाली.

मी तिचा हात झटकला. "तुला ऐकू येतं?"

"तांदूळ निवडताना येतं. पाणी भरताना येतं. पहिल्या दिवसापासून येतं."

"मग गप्प का बसलीस? अय्या आहे तो! आपण कोणाला पुरलं कोणाला ठाऊक! मी ओळखलं म्हणालो, पण मी कुठे तोंड पाहिलं?"

"मी पाहिलं," आई म्हणाली. "मी आंघोळ घातली. माझ्या कपुरुला मी पुरलंय."

"मग हा कोण?"

ती खाली बसली. रानातून परत दोन आल्या. ती ऐकत राहिली, जशी तो लहानपणी ताप आल्यावर बडबडायचा तेव्हा ऐकत बसायची.

"दमलाय रे," ती म्हणाली. "तू सापडेपर्यंत थांबायचा नाही. लहानपणापासून असाच आहे. तू माळ्यावर लपून झोपलास तर दिवसभर न जेवता शोधायचा."

"मग सापडू दे ना मला."

"आणि मी?" आई म्हणाली. एवढंच. मग पदराला हात पुसले. "शोध दोनच गोष्टींनी थांबतो, मल्ली. माणूस सापडला की, नाहीतर मेला असं कळलं की."

तिनं मला त्याआधी कधी मल्ली म्हटलं नव्हतं. तो शब्द त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या विहारातले भिक्खू आले. पांढऱ्या चादरीवर बसले, जेवले. मग पुण्य पोचवायची वेळ झाली. ताटात वाटी ठेवली, आणि घरच्या सगळ्यांनी मिळून पाण्याची झारी धरली. आई, मी, काका, काकू, एकमेकांच्या हातांवर हात. वाटी भरून ताटात सांडेपर्यंत पाणी ओतायचं, म्हणजे ज्याच्या नावानं ओतलं त्याला ते पुण्य पोचतं आणि तो मेलाय हे त्यालाही उमगतं, त्याला शोधणाऱ्यालाही.

मोठ्या भन्तेंनी रीतीप्रमाणे विचारलं, "हे पुण्य कोणाला पोचवायचं?"

आई म्हणाली, "सुदुबंडाला."

कोणीतरी मागे हुंदका दिला. काकू हळूच म्हणाली, "वहिनी, अगं, कपुरुबंडा." भन्तेंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, थोरला ना?"

"आई मी आहे," आई म्हणाली. "नाव मला विचारा."

बाईचं डोकं दुःखानं फिरलंय, असं सगळ्यांना वाटलं असणार. भन्तेंनी डोळे मिटले आणि ते नाव घेतलं. गाथा सुरू झाली. मला झारी सोडायची होती, फेकून द्यायची होती, पण माझ्या बोटांवर आईची बोटं होती आणि इतका जोर तिच्यात कुठून आला मला ठाऊक नाही. गाथेच्या मधल्या श्वासात रानातून हाळी ऐकू आली. एक आली. दुसरीची सुरुवात झाली. पाणी काठाशी आलं, काठावर फुगून थरथरलं आणि ताटात उतरलं. दुसरी हाळी तिथेच तुटली.

"साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले.

पंगत बसली. काकू वाढत होती, कोणी भात मागत होतं, कोणी फणसाची भाजी चांगली झाली म्हणालं. आई पहिल्यांदा पोटभर जेवली. मी उठून रानाच्या तोंडाशी गेलो आणि एक हाळी घातली. मग जागेवर बसून राहिलो, जसं हरवलेल्यानं राहायचं असतं.

अजूनही मी रोज तिथे जातो. मला आता कोणी शोधत नाही.