बांधावरचं कलम आणि मी, चारशे सतरा

मित्रांनो, मी एक जुना क्रमांक आहे. चारशे सतरा. वय वर्षे चार. पण संगणकाच्या जगात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात.

रत्नागिरीजवळ गंगुबाई आणि सावित्री या दोन जावांची हापूसची बाग आहे. गंगुबाईची नात सानवी हिने बागेची वेबसाइट केली आणि प्रत्येक कलमाला एकेक क्रमांक दिला. एकदा दिलेला पुन्हा दुसऱ्याला नाही. मग आम्हाला पत्र्याच्या बिल्ल्यांवर उमटवून तारेने बुंध्यांना बांधलं. बारसं नाही, पेढे नाहीत. गंगुबाई तर म्हणाली, "झाडं काय कैदी आहेत? नावं नाहीत त्यांना?"

नावं होती. फक्त बांधाच्या दोन्ही अंगांना एकेक कलम होतं आणि दोघी जावा आपापल्या कलमाला 'बांधावरचं' म्हणत. चाळीस वर्षं घोटाळा झाला नाही, कारण दुसरीचं कलम बांधावर आहे हे दोघींनाही मान्य नव्हतं.

माझं कलम गंगुबाईच्या नवऱ्याने लावलेलं. मग तो बोटीवर नोकरीला गेला, तो परतलाच नाही. संध्याकाळी ती बुंध्याला टेकून बसे. मी पाठीला टोचलो की जरा सरकून बसे.

यंदा सावित्रीच्या कलमाला खोडकिडा लागला, ते पार वाळलं. तिने झाडं तोडणाऱ्या रावजीला फोन केला, "बांधावरचं तोड." सानवीने त्याच्या मोबाइलवर क्रमांकही पाठवला. तो कोण बघतो? रावजीने माझ्या कलमाला दोरी बांधली आणि करवत काढली.

गंगुबाई धावत आली. "मेल्या, माझ्या घोवाचं झाड ते!"

"काकी, सावित्रीकाकीने बांधावरचं तोड म्हणून सांगितलंन. हेच ना बांधावरचं?"

"हेच!" गंगुबाई ठासून म्हणाली.

"मग तोडू?"

समोर करवत होती, आणि सावित्रीचं कलमही बांधावरचंच, हे शब्द काही केल्या घशाबाहेर येईनात. शेवटी तिने पदराने माझ्यावरचं शेवाळ पुसलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला मोठ्याने वाचलं.

"चारशे सतरा. तुझ्या मोबाइलात काय आलंय ते बघ."

रावजीने बघितलं. "चारशे अठरा."

त्याने करवत खाली ठेवली. गंगुबाईचा हात मात्र माझ्यावरच होता. चार वर्षांत बुंधा जाड झाला होता आणि माझी तार सालीत रुतली होती.

"दोरी सोड," ती म्हणाली, "आणि हीसुद्धा जरा सैल कर रे. लागत असेल त्याला."

मित्रांनो, क्रमांक जरूर द्या. पण दर वर्षी तार थोडी सैल करत जा. आम्ही आहोत तेवढेच राहतो. ज्यांच्या अंगावर आम्हाला बांधता, ती वाढत असतात.