पाला वाळल्यावर

मिस्त्रींनी उकिडवं बसून वरंब्याच्या कडेने चार बोटं मातीत घातली, चाचपडत एक बटाटा गाठला आणि तो जागचा न हलवता अंगठ्याने त्याची साल घासून पाहिली. साल निघाली नाही. गेल्या रविवारीही निघाली नव्हती. बटाटा चांगला मुठीएवढा झाला होता आणि आता त्याच्या वाढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागच्या अंगणाचं फाटक करकरलं. त्यांनी घाईघाईने माती लोटली, वरून थोपटली आणि गुडघ्यांवर हात रेटून उभे राहिले.

"काय म्हणतायत बटाटे?" फाटक ओढून घेत तिने विचारलं.

"कोवळे आहेत अजून. बोट लावलं की साल सुटते."

"पाला तर पार वाळून गेला, बाबा."

"पाला वरचा. खालचं खाली गेल्याशिवाय कळत नाही."

तिने वरंब्यांवर आडव्या पडलेल्या पिवळ्या काड्यांकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या अंगठ्याच्या नखात शिरलेल्या ओल्या मातीकडे. चपला काढून तिने नेहमीसारखे नळाखाली पाय धुतले.

"बरं," ती म्हणाली. "थांबू अजून आठवडाभर."

ती त्यांची सून. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत होती. मुलाचं आणि तिचं मोठं भांडण असं कधी झालंच नाही. एकाच घरात दोघं दोन पाहुण्यांसारखी राहिली, एकमेकांना आधी जेवायचा आग्रह करत, आणि एक दिवस दोघांनीही सामान आवरलं. मुलगा दुसऱ्या गावी नोकरी धरून गेला. ती याच गावात एक खोली घेऊन राहिली. मधल्या मध्ये घर मिस्त्रींच्या एकट्याच्या अंगावर पडलं.

मिस्त्रींनी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. बायको मुलगा लहान असतानाच गेली, आणि त्यानंतर बापलेकांच्या त्या घरात दिवसाकाठी पाचपन्नास शब्द बोलले गेले तरी खूप, अशी परिस्थिती होती. ती आली आणि घराला तोंड फुटलं. मिस्त्रींच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, आणि सासऱ्यांची ढिली, खडखडणारी कवळी पाहून तिने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्या मापाची नवी बनवली. चारदा घासली, चारदा बसवून पाहिली, आणि मिस्त्रींनी कित्येक वर्षांनी भाजलेले शेंगदाणे खाल्ले. तेव्हापासून ते तिला कवळीबाई म्हणू लागले. सून सोडून गेल्याचं कानावर आलं तेव्हा शेजारचे गृहस्थ सहानुभूती दाखवायला आले होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "सुनेने माझ्यावर दात ठेवला नाही. तोंडात मात्र ठेवून गेली."

शेजारी हसले. मिस्त्रीही हसले. मग दार लावून घेऊन ते बराच वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले होते.

घराची किल्ली परत द्यायला ती आली त्या दिवशी ते टोपलीच्या तळाचे बटाटे फेकायला निघाले होते. एकेकाला बोटभर कोंब आले होते.

"राहू दे की किल्ली," ते म्हणाले.

"नको, बाबा. बरं दिसत नाही." तिने किल्ली ओट्यावर ठेवली आणि टोपलीत डोकावली. "हे फेकू नका. लावू या."

"मला काय कळतंय त्यातलं? मी विजेचा माणूस."

"मला तरी कुठं कळतंय! पण त्यांना कळलेलं दिसतंय ना, बघा कसे उगवायला निघालेत."

दोघांनी ओट्याशी उभं राहून बटाटे कापले, प्रत्येक फोडीवर एकदोन डोळे येतील असे. मागच्या अंगणात, जिथे तोवर जुने पत्रे आणि एक मोडकी खुर्ची होती, तिथे चार वरंबे घातले. जाताना ती म्हणाली, बटाटे निघेपर्यंत मी रविवारी येत जाईन, झाडांना मातीची भर घालायचं काम तुमच्या एकट्याच्याने व्हायचं नाही. मागच्या फाटकाला कुलूप कधीच नव्हतं. तेव्हा किल्ली परत केलेल्या बाईने तिथून यायला कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

तशी ती येत राहिली. झाडं वीतभर झाली तेव्हा दोघांनी बुंध्याशी माती चढवली, पानांखालच्या अळ्या वेचल्या, पांढरी फुलं आली तेव्हा उगाचच शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. नात्याला नाव उरलं नव्हतं. कामाला होतं, आणि दोघांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं.

आठवडाभर थांबायचं ठरलं त्या रविवारी करण्यासारखं काही नव्हतंच. काढणी जवळ आली म्हणून वाफ्याचं पाणीही तोडलेलं होतं. दोघं मागच्या पायरीवर चहा घेऊन बसली. ती कप नुसताच हातात फिरवत होती.

"पुढच्या रविवारी मी एकाला घेऊन येते," ती म्हणाली. "खणायला मदत होईल."

"चार तर वरंबे आहेत. माणसं कशाला लागतात?"

"लागत नाहीत. पण त्याला यायचंय."

मिस्त्रींनी शेजारी पडलेलं खुरपं उचललं आणि त्याला चिकटलेली वाळकी माती काडीने खरवडायला सुरुवात केली.

"काय करतो?"

"पोहायला शिकवतो. लहान मुलांना."

"बुडवत नाही ना कुणाला?"

"अजून तरी नाही." ती हसली, आणि हसू अर्ध्यावर टाकून म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नाही आणत, बाबा."

मिस्त्रींनी खुरप्याचं पातं उलटं केलं. ती बाजू स्वच्छ होती, तरी ते ती खरवडत राहिले.

"फाटकाला कुलूप कुठंय," ते म्हणाले.

आठवड्याच्या मध्ये मुलाचा फोन आला. तब्येत, पाणी, नोकरी झाल्यावर तो जरा थांबला. "ती येते अजून?"

"येते."

"बरी आहे?"

"बरी आहे."

"बरं आहे मग. बटाटे काढले का?"

"या रविवारी."

मुलगा वाईट नव्हता, आणि मिस्त्रींची तीच मोठी अडचण होती. दोघांतलं एक जण वाईट असतं, तर कुणाच्या बाजूने राहायचं ते तरी ठरवता आलं असतं. फोन ठेवून ते मागे गेले, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि पहिल्या वरंब्यापाशी उभे राहिले. एका संध्याकाळचं काम होतं. रविवारी ती दोघं येतील तेव्हा सगळं आवरलेलं असेल, त्या पोहणाऱ्याच्या हातात एक पिशवी द्यायची की झालं. त्यांनी कुदळ डोक्यावर नेली, तशीच खाली आणली, आणि परत कोपऱ्यात टेकवून ठेवली.

रविवारी ती आली, आणि तिच्यामागून फाटकात वाकून तो आला. चांगला उंच. केस ओलेच होते. बूट त्याने बाहेरच काढून हातात घेतले होते, आणि ते कुठे ठेवावेत हे बघता बघता त्याचा पाय थेट वरंब्यावर पडला.

"नमस्कार, काका."

"त्याच्याखाली बटाटे आहेत," मिस्त्री म्हणाले.

तो असा चटकन मागे झाला की दुसऱ्या वरंब्यावर उभा राहिला. तिने कपाळावर हात मारून घेतला.

कुदळ त्याने स्वतःहून मागितली. पहिलाच घाव घातला तोच खच्चकन आवाज झाला. तो घाबरून खाली बसला आणि त्याने मातीतून बटाट्याचं एक अर्धुक वर काढलं, आतून पांढरंशुभ्र, ओलं. दुसरं अर्धुक कुदळीलाच लागून आलं.

"अरेरे."

"बुंध्यापासून वीतभर लांब घालायची," मिस्त्री म्हणाले. "आणि मारायची नाही, आत घालून वर उचलायची. पाण्यात हात मारतोस तशी नाही."

"सॉरी, काका. आता हा वाया गेला?"

"वाया कशाला जाईल? फक्त टिकत नाही. चिरलेला आजच्या आज खाऊन टाकायचा. तो त्या घमेल्यात टाक. सबंध निघतील ते इकडे गोणपाटावर, सावलीत. ते दोन महिने ठेवले तरी चालतात."

तो शिकत होता, पण सावकाश. दर चारपाच झाडांमागे खच्च आवाज येई, तो "अरेरे" म्हणे आणि घमेल्यात दोन तुकडे पडत. ती मागून मातीत दोन्ही हात घालून राहिलेले बटाटे हुडकत होती. मिस्त्री गोणपाटाशी बसून एकेक बटाटा हाताने पुसत होते. पिकाला नावं ठेवायला जागा नव्हती. ते जरा सैलावले.

"स्वयंपाकातलं काही येतं का?" त्यांनी विचारलं.

"अंडी उकडता येतात."

"म्हणजे तेही पाण्यातलंच."

तो मोठ्याने हसला. हसताना त्याचे दात दिसले, स्वतःचे, नीट एका ओळीत, आणि मिस्त्रींच्या मनात आलं की हिच्या धंद्याला याचा काही उपयोग नाही.

ती पाणी आणायला आत गेली तेव्हा त्याने कुदळ टेकवली.

"काका, ती म्हणाली, आधी इथं जायचं. माझ्या आईला अजून भेटली नाही ती. आधी बाबांना भेट, म्हणाली, मग बाकीचं." तो थोडा अडखळला. "मी काल रात्रभर झोपलो नाही, खरं सांगतो."

मिस्त्रींच्या हातातला बटाटा पुसून केव्हाच स्वच्छ झाला होता. ते तो पुसत राहिले.

"माती डोळ्यात जाते," ते जरा वेळाने म्हणाले. "वारं त्या बाजूचं आहे."

तीन वरंबे झाले. गोणपाट भरत आलं होतं. तिने दंडाने कपाळावरचा घाम पुसला आणि घड्याळ पाहिलं.

"आम्हाला निघायला हवं, बाबा. एक घर बघायला जायचंय. मालक बाराला येणार आहेत तिथं."

"कुठं?"

"स्टेशनच्या पलीकडं. तसं लांब नाही."

"तसं लांब नाही" म्हणजे किती लांब, ते मिस्त्रींना माहीत होतं. त्या बाजूच्या इमारतींच्या लिफ्ट त्यांनी केल्या होत्या. दोन बस बदलाव्या लागत, आणि रविवारी दुसरी कमी असे.

"मग निघा," ते उठत म्हणाले. "एवढा एक वरंबा राहिलाय. तो उरकतो मी."

"तुम्ही कशाला? आम्ही आहोत तोवर..."

पण त्यांनी कुदळ उचललीच होती. पहिल्या झाडाखाली ती वीतभर अंतरावर घातली, वर उचलली, आणि पाच बटाटे न खरचटता मोकळ्या मातीत आले. दुसऱ्या झाडाला तसेच चार. लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, खाली सहा मजले उघडे असताना, बोटभर फटीतून स्क्रू फिरवणारे हात होते ते. वयाने त्यांची ताकद नेली होती, नेम नेला नव्हता. पोहणारा कौतुकाने बघत राहिला.

मिस्त्री थांबले. त्यांची नजर घमेल्याकडे गेली. चिरलेले असे किती असतील? एका म्हाताऱ्याची दुपार आणि संध्याकाळ भागेल एवढे.

त्यांनी तिसऱ्या झाडावर कुदळ घातली. खच्च.

मोठा बटाटा होता, बहुधा सगळ्या वाफ्यातला मोठा. त्याची बरोबर मधून दोन भकलं झाली. मिस्त्रींनी ती उचलून घमेल्यात टाकली.

"हात म्हातारे झाले," ते म्हणाले.

पुढच्या झाडाला पुन्हा तसाच आवाज आला. त्याच्या पुढच्याला दोनदा.

ती हळूहळू उभी राहिली. हात मातीने भरलेले, तसेच अंगापासून लांब धरून ती मिस्त्रींच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. "एवढे चिरले. हे सगळे कोण संपवणार आता?"

"तेच बघतोय मी." त्यांनी मान वर केली नाही. "टाकून तर देता येत नाहीत. इतके दिवस खपलीस तू त्यांच्यासाठी."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग तिने हात ओढणीला पुसले, फोन काढला आणि फाटकाच्या दिशेने चार पावलं जाऊन ती मालकांशी बोलू लागली. संध्याकाळी आलं तर चालेल का, विचारत होती. आवाज जरा भरल्यासारखा होता, पण वारं त्या बाजूचं होतंच.

पोहणाऱ्याने आधी घमेल्याकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे, मग मिस्त्रींकडे. तो पुढे आला आणि त्याने हात पुढे केला.

"द्या इकडं, काका. तुम्ही बसा," तो म्हणाला. "राहिलेली झाडं मी खणतो. माझा नेम तुमच्यापेक्षा वाईट आहे."

मिस्त्रींनी त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी कुदळ त्याच्या हातात दिली आणि बोटाने वरंब्याकडे दाखवलं.

"वीतभर लांब नको," ते म्हणाले. "अगदी बुंध्याशी घाल."