कपितानला नाही कसं म्हणायचं

माआसिमच्या टेकडीवरून उडायचं तर आधी खाली, मका काढलेल्या शेतात, पाय जमिनीवर ठेवून पॅराग्लायडरचं कापड डोक्यावर तोलायला शिकावं लागतं. मी हे पन्नाशीत शिकायला घेतलं, म्हणजे वेळ लागणारच. शिकवणारा रोदेल माझ्या थोरल्याच्या वयाचा. मला 'आते' म्हणतो, म्हणजे ताई. आठवड्यातून एकदाच यायचा. तेवढ्यावर हंगामाचे वारे बदलायच्या आत माझं उडणं होत नव्हतं. म्हणून मी त्याच्या मागे लागले, मला एकटीला सराव करू दे.

हेल्मेट कधी, पट्टे कसे, वारा केवढा, त्याने सगळं विचारलं. मी धडाधड उत्तरं दिली. तो हो म्हणाला.

पाच सकाळी छान गेल्या. सहाव्या दिवशी वारा झटके द्यायला लागला, तशी मी कापड गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात गावचा प्रमुख, कपितान सेवेरो, शहरातले पाहुणे घेऊन आला. जरा उचलून दाखव, म्हणाला, फोटो काढतील. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता. अशा माणसाला चारचौघांत नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी उचललं. कापडाने मला खुंटांवरून वीस पावलं फरफटत नेलं. फोटो चांगले आले म्हणे.

रोदेलला मीच सांगितलं. त्याने माझा सोललेला गुडघा पाहिला.

"आते, वारा वाईट आहे हे कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग एकटीचा सराव बंद."

राग आला. पण त्याचं खरं होतं. कापड सांभाळायला शिकण्यात सहा महिने गेले होते, नाही म्हणायला मी शिकलेच नव्हते. ज्यांचं मन मोडवत नाही अशी माणसं तर गावभर होती.

पुढच्या शनिवारी तो आला, आकाशाकडे पाहिलं आणि उचला म्हणाला. गवत मध्येच झोपत होतं, मध्येच उठत होतं. याला नाही म्हटलं तर यंदा टेकडी विसरा, एवढंच डोक्यात.

"आज नको, रोदेल. हे झटके मला झेपायचे नाहीत."

"मला तर ठीक वाटतोय वारा."

"तुला वाटत असेल."

तो बांधावर बसला. माझ्या डब्यातला सुमान, केळीच्या पानात शिजवलेला चिकट भात, न विचारता खाल्ला.

"उद्यापासून एकटीने करा," शेवटी म्हणाला.

"आणि कपितान आला तर?"

"ते मला का विचारता?"