कालिंदीबाईंच्या डाव्या पायाखाली

“माझ्या गाडीचं पोट फाडायची परवानगी तुला दिली कुणी?”

“आज्जी, टर्बो लाव म्हणून तूच बोललीस ना!”

“टर्बो लाव म्हटलं. क्लच काढ म्हटलं नव्हतं!”

बेहाला भागातल्या गॅरेजात आजी-नातीचं चांगलंच जुंपलं होतं. गाडी जॅकवर, गिअरबॉक्स जमिनीवर, आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती मी, क्लचप्लेट, वर्तमानपत्रावर उताणी पडून ऐकत होते. माझ्याबद्दल सगळे बोलतात, मला कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलतेय.

मी ताटलीएवढी एक चकती. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला चाकं. पेडल दाबलं की सोडायचं, पेडल सोडलं की धरायचं. जन्मभर एवढंच केलं. गाडी लहान, इंजिन गरीब, त्याला पुरेल इतकीच पकड मला देऊन कारखान्यानं धाडलं.

गाडी घेतली श्यामकांतरावांनी, खिदिरपूरच्या गोदीत साहेब होते तेव्हा. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई, म्हणजे ह्याच आज्जी, म्हणाल्या, मलाही शिकवा. राव म्हणाले, “तुझ्याच्यानं व्हायचं नाही.”

झालं! दुपारी रावांचा डोळा लागला की बाई किल्ली घेऊन क्वार्टर्समागच्या मैदानात. गुरू नाही, कुणाचा आधार नाही. त्या दिवसांत मला असं रगडलं की जळका वास घरापर्यंत गेला. राव उठून म्हणाले, “काय करपलं गं?”

“आमटी,” बाई म्हणाल्या.

पण शिकल्या, आणि कशा! माझेरहाट पुलाच्या चढावर रांग अडली की लोक हँडब्रेक ओढतात. बाई मला अर्धवट दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरायच्या. अंग माझं झिजायचं, पण त्यांची ऐट पाहून मीही मिरवायचे.

पुढे रावांची नजर अधू झाली. एका सकाळी त्यांनी किल्ली बाईंच्या हातावर ठेवली आणि डावीकडचं दार उघडून बसले. तिथे ब्रेक नव्हता, तरी पाय दाबत बसायचे. ‘व्हायचं नाही’ मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर ती सीट भाजीच्या पिशवीची झाली. ड्रायव्हर ठेवा असं कुणी सुचवलं की बाई गरजायच्या, “डावीकडे ठेवायला मी काय भोपळा आहे?”

नात मुग्धा यंत्रवेडी. रविवारची सुट्टी तेलानं काळ्या हातांनी घालवणारी. तिनं टर्बोची गोष्ट काढली: इंजिनात जास्त हवा कोंबायची, ताकद वाढते. बाईंना चढावर एका बंगाली टॅक्सीवाल्यानं “माशीमा, एकटू ताडाताडी!”, म्हणजे मावशी, जरा लवकर, म्हणून भोंगा वाजवलेला मनात सलत होता. म्हणाल्या, “लाव. बघतेच त्याला.”

टर्बो लागला आणि माझी शंभरी भरली. त्याच पुलावर इंजिनानं असा हिसडा दिला की माझी पकडच सुटली. इंजिन किंचाळतंय आणि गाडी आपली गोगलगाय! मागून पुन्हा भोंगे.

“या प्लेटमध्ये तेवढा जोर नाहीये, आज्जी,” मुग्धा आता सांगत होती. “कडक स्प्रिंगवाला क्लच लागेल.”

“कडक म्हणजे किती कडक?”

तसा क्लच बसवलेली एक गाडी शेजारी उभी होती. बाई तरातरा जाऊन तिच्यात बसल्या आणि डावा पाय दाबला. पेडल अर्ध्यावर अडलं. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून पुन्हा जोर लावला. पेडल हललं नाही.

त्या पायाचं वजन मला पाठ आहे. पण तो इतका थकलाय हे मला तेव्हा कळलं. माझ्याशी तो कधी कुरकुरलाच नव्हता.

मुग्धा दाराशी उकिडवी बसली, आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “राहू दे, आज्जी. टर्बो काढते मी. सगळं पहिल्यासारखं करू. गाडी तुझी आहे.”

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. नखांत काळं साचलेलं, बोटावर ताजी भाजल्याची खूण. कितीतरी रविवार होते त्या हातात.

मग त्या उतरल्या. माझ्यापाशी आल्या, माझ्या झिजलेल्या अंगावरून बोट फिरवलं, पदरानं मला पुसलं आणि भाजीच्या पिशवीत घातलं. निरोप असावा तर असा असावा. मला आणखी काही नको. हल्ली मी त्यांच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली असते आणि खालून गाडी निघाली की कान देते. नवी चकती चांगली धरते हो.

त्या दिवशी पिशवीतून मला दिसत काही नव्हतं. फक्त किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाईंचा:

“बसव तुझा तो कडक क्लच, पण सोडताना हळू सोड, डावीकडे मी बसलेली असणार आहे.”