रांग नावाची मी

बोलतेय ती मी, एक भाषा. माणसांच्या तोंडची नव्हे; संगणकाला हुकूम सोडायची, छोटीशी. माझ्यापाशी शब्द मोजकेच आणि स्वस्थता अजिबात नाही. तो गुण आईचा.

आई म्हणजे रुद्राणी. लातूरची सून, नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात एम.टेक. करणारी. नवी भाषा कशी घडवायची, असा एक विषय तिला होता, आणि वर्ष दुष्काळाचं. शेवटी प्रत्येकानं आपापली भाषा चालवून दाखवायची. दीड वर्षाचा मन्मथ लातूरला सासूबाईंपाशी. त्यामुळे माझा निम्मा जन्म फोन कानाला लावूनच झाला. "जेवला का? अंग गरम नाही ना?" असं विचारता विचारता तिनं मला 'थांब' हा शब्द शिकवला.

बाकीच्यांच्या भाषा बेरजा-गुणाकार करत. मला तिनं गल्लीतल्या टँकरसाठी घडवलं. कोण कोण उभं आहे ते सांगा, पुढचा ड्रम कुणाचा ते मी सांगते. नाव ठेवलं रांग.

सासूबाई, उमाबाई, फोनवर हसल्या. "जिल्हा झाला तवा नळ आले, आता टँकरला बी कॉम्प्युटर. लेकराच्या घरचं पाणी आधी, ते घातलंस का त्यात?"

गल्लीची रीतच ती. रुद्राणीनं घातली.

परीक्षेला बसवंत सर म्हणाले, "टँकर रोज अर्धाच येतो समज. चालव."

मी चालले. लेकुरवाळी घरं भरली. सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिलेली म्हातारी लक्ष्मम्मा कोरडी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझं काहीच चुकलं नव्हतं, सांगितलं तेवढंच मी केलं होतं.

"हिला पाणी कधी?"

"गल्लीत असं होत नाही, सर."

"का होत नाही, ते या भाषेत कुठंय? सोमवारी दाखव. नाहीतर हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा."

म्हणजे लेकरापासून आणखी एक वर्ष लांब. तिनं खोलीवर येऊन सासूबाईंना फोन लावला. "आत्या, मी सगळं सोडून घरी येतेय."

"येऊन काय पाऊस पाडणार हायस? आत्ता कुठं निजलाय त्यो. ठेव."

ती येरझाऱ्या घालत राहिली. आपण मुळात इथं आलोच कशाला, हा तिचा रोजचा प्रश्न. आणि मग मागचा उन्हाळा आठवला. मन्मथ कडेवर, आणि टँकरचा पाइप तिनंच आपल्या ड्रमातून काढून लक्ष्मम्मापुढं केला होता. "आमचं काल झालंय, मावशी. तुम्ही घ्या."

रीतीचा हा दुसरा अर्धा भाग कुणी तोंडानं सांगतच नव्हतं.

तिनं मला नवा शब्द दिला: 'मागं हो'. काल ज्याचं भरलं, तो आज मागं. तपासायला पहिलं नाव घातलं मन्मथचं. बोट बटणावर घुटमळलं. ड्रम खोटा, पाणीही खोटं, तरी. मग दाबलं. लक्ष्मम्माचा ड्रम भरला.

सोमवारी सरांनी मला उलटसुलट चालवून पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. संध्याकाळच्या एसटीनं रुद्राणी लातूरला गेली.

गल्लीनं मला कधी वापरलं नाही, गरजच नव्हती. जुन्या लॅपटॉपात मी पडून राहिले. आज शाळेतून आलेल्या मन्मथनं मला उघडलं आणि आपलं नाव वाचलं.

"आई, मला मागं का केलंस गं?"

रुद्राणीचे हात कणकेत होते. "तुझं भरून झालं होतं, राजा."

"आणि या लक्ष्मम्मा आजीचं?"

"चालवून बघ की."

तर इतक्या वर्षांनी मी चालतेय. लॅपटॉप म्हातारा झालाय, बॅटरीचा भरवसा नाही. लक्ष्मम्माचा ड्रम भरेपर्यंत तेवढं बटण बंद करू नका.