धुळ्याचा गुण

साखरपुडा जवळ आला तसं लीलाधर पाटलांच्या छातीत रोज दुपारी इंजिन सुरू होऊ लागलं. धडधड, हातपाय गार, आणि आता आपण गेलोच अशी खात्री. जळगावच्या हार्टवाल्या डॉक्टरने ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाला, "हृदय बैलासारखं आहे. मनाच्या डॉक्टरला दाखवा."

मनाच्या! लीलाधररावांनी चिठ्ठी जिन्यातच फाडली. मुलीचा बाप वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो, हे होणारे व्याही, धरणगावचे झुलाल नाना यांच्या कानावर गेलं की रत्नमालाचं लग्न मोडलंच.

मग इलाज सुरू झाले. पत्नी शेवंताबाईंनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका बसला नाही तर दृष्ट खरी. ठसका असा बसला की शेजारची दोन बिऱ्हाडं अंगणात आली. कचेरीतल्या हिलालने पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या मारायला लावल्या; तिथे ओळखीचे दहा जण "तब्येत बरी नाही का?" विचारायला हजर. आणि प्रत्येकाच्या खिशात एकच औषध: "पाटील, टेन्शन घेऊ नका." जणू लीलाधरराव रोज पिशवी घेऊन बाजारात तेच आणायला जात होते.

शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, धुळ्याला जा की. सगळी शहाणी माणसं तिकडेच दाखवतात."

खरंच होतं. डोकं बिघडलं की जळगावकराने धुळ्याला जायचं आणि धुळेकराने जळगावला, ही इकडची शिस्त. दोन्हीकडच्या एसट्या वाटेतल्या पारोळ्याच्या स्टँडवर शेजारी शेजारी लागत आणि खिडक्यांतली माणसं एकमेकांना ओळख देत नसत.

धुळ्याच्या दवाखान्यात बाकावर सात माणसं तोंडापुढे सात पेपर धरून बसली होती. सातही पेपर जळगावचे. लीलाधररावांनी आठवा उघडला. तेवढ्यात समोरच्या पेपराने पान उलटलं आणि मागून झुलाल नाना निघाले.

"लीलाधरभाऊ! तुम्ही आठे कसा?"

"इथे? मेव्हण्याचा नंबर लावायला आलो." लीलाधररावांचं इंजिन धडाडलं. "तुम्ही, नाना?"

"मी बी साडूना नंबर लावाले वनू."

मेव्हणाही दिसेना, साडूही दिसेना. दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. कंपाउंडर आतून डोकावला आणि घरच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "चला नाना. मागच्या गोळ्यांनी धडधड थांबली का?"

नाना उठले. चेहऱ्यावर घाम.

"कितवी खेप, नाना?" लीलाधररावांनी मायेने विचारलं.

"सातवी," नाना पुटपुटले. "भाऊ, कोन्हले सांगू नका. घरमा बी माहीत नही."

सातवी! लीलाधररावांच्या छातीतलं इंजिन जागच्या जागी बंद पडलं. त्यांनी पेपराची घडी घातली, नंबर रद्द केला आणि परतीच्या एसटीत जळगावपर्यंत घोरत आले.

"बघा, आला ना धुळ्याचा गुण!" शेवंताबाई म्हणाल्या.

"हुशार डॉक्टर," लीलाधरराव म्हणाले. "हात लावायचीही गरज पडली नाही."

साखरपुड्याला शंभर माणसं जेवली. झुलाल नाना गादीवर ताठ बसले होते, आणि नारळ धरलेले त्यांचे हात लटलट कापत होते. लीलाधरराव शेजारी सरकले, त्यांच्या गार हातावर आपला ऊबदार हात ठेवला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाना, टेन्शन घेऊ नका."